एका चेंडूची साक्ष

१९६८ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ३१ व्या तारखेस वेल्समधील स्वान्सी शहरीं, समुद्रकांठच्या सेंट हेलन्स मैदानावर, नॉटिंगहॅमशायर व ग्लॅमॉर्गन या दोन परगण्यांमध्यें क्रिकेटचा सामना चालू होता. नॉटिंगहॅमशायरचा कर्णधार गॅरी सोबर्स खेळत होता. त्याच्यासमोर गोलंदाज होता माल्कम नॅश. हा मूळचा मध्यम वेगाचा गोलंदाज, परंतु त्या दिवशीं संथ डावखुरी फिरकी टाकून पाहण्याचा प्रयोग करीत होता. पुढें काय झालें तें क्रिकेटची थोडीबहुत आवड असणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. एका षटकाचे सहा चेंडू, आणि सहाही सीमेपार! पांचवा चेंडू रॉजर डेव्हिस या क्षेत्ररक्षकानें झेलला खरा, पण झेलतां झेलतां तो सीमेबाहेर कोलमडला आणि पंचांनीं षटकारच दिला. सहावा चेंडू मैदान ओलांडून बाहेरच्या रस्त्यानें घरंगळत गेला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटांत अशी गोष्ट पूर्वीं घडली नव्हती. आणि १९८५ च्या जानेवारींत मुंबईच्या वानखेडे मैदानावर रवि शास्त्रीनें बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकांत तीच करून दाखवीपर्यंत सोबर्सच्या त्या पराक्रमास जोडीदारहि मिळाला नाहीं.

आमचा आजचा विषय मात्र तो पराक्रम नव्हे. रस्त्यानें घरंगळत गेलेल्या त्या चेंडूचें पुढें काय झालें, हा आहे.

२००६ सालीं लंडनच्या ख्रिस्तीज या विख्यात लिलाव-पेढींत सोबर्सच्या सहा षटकारांचा चेंडू म्हणून एक चेंडू विक्रीस आला. चेंडूसोबत खुद्द सोबर्सच्या सहीचा दाखला होता. बोली चढत चढत २६,४०० पौंडांवर थांबली. म्हणजे त्या वेळच्या दरानें वीस लाख रुपयांहून अधिक. क्रिकेटच्या चेंडूस एवढें मोल येण्याचा तो विक्रमच मानला गेला. घेणारे गृहस्थ भारतीय होते. वेस्ट इंडिजच्या खेळाडूनें वेल्समध्यें मारलेला चेंडू एका भारतीयानें लंडनमध्यें विकत घ्यावा, यांत क्रिकेट या खेळाचा निम्मा इतिहास आला असें कोणी म्हणेल. पण तूर्त तो विचार बाजूस ठेवूं.

हा चेंडू ज्यांनीं बारकाईनें पाहिला त्यांच्या नजरेस एक साधी गोष्ट पडली. त्यावर ड्यूक या जुन्या कारखानदारांची मुद्रा होती. आणि ज्यानें तें षटक टाकलें त्या नॅशचें म्हणणें असें कीं, आपण टाकला तो चेंडू स्टुअर्ट सरीज यांच्या कारखान्याचा होता. ग्रॅहॅम लॉइड या पत्रकारानें हा धागा धरून चौकशी केली व २०१३ सालीं तिजवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. ग्लॅमॉर्गन कोणाचे चेंडू वापरीत होतें, मैदानावर त्या दिवशीं कोण कोण होतें, कोणाच्या हातून कोणाच्या हातीं काय गेलें, हें सर्व त्यानें शोधीत नेलें. विक्रीच्या वेळच्या वर्णनांत त्या षटकांत एकाहून अधिक चेंडू वापरले गेले असें म्हटलें होतें. परंतु बी.बी.सी.च्या वेल्स शाखेचे कॅमेरे त्या दिवशीं मैदानावर होते आणि सुदैवानें ती चित्रफीत शिल्लक आहे. तींत पाहावें तर प्रत्येक षटकारानंतर तोच एक चेंडू परत येतो व तोच पुन्हां टाकला जातो. चेंडू एकच, आणि तो सरीजचा असेल तर ड्यूकची मुद्रा असलेला चेंडू तो असूं शकत नाहीं. लॉइडचा निष्कर्ष आम्हांस पटतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या प्रकरणांत कोणी जाणूनबुजून लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं, आणि तसें म्हणण्यास आम्हांपाशीं आधारहि नाहीं. उलट सर्व मंडळी सालस होती असें धरून चालल्यासच हें प्रकरण अधिक बोधप्रद वाटूं लागतें. लबाडी पकडण्यास पोलीस पुरतात. सद्भावनेंतून उपजलेली चूक पकडण्यास इतिहाससंशोधक लागतो.

सोबर्सच्या सहीचेंच घ्या. विकत घेणाऱ्यास याहून मोठा दाखला कोणता वाटणार? ज्यानें चेंडू मारला तोच सांगतो आहे कीं हा तो चेंडू. परंतु क्षणभर विचार करूं. फलंदाज मैदानावर असतां त्याचें लक्ष कोठें असतें? गोलंदाजाच्या हाताकडे, क्षेत्ररक्षकांच्या जागांकडे. चेंडूवर कोणत्या कारखान्याचा शिक्का आहे हें पाहण्याची उसंत त्याला नसते व गरजहि नसते. खेळ संपल्यावर त्याच्यापुढें येणारा चेंडू त्याच्या दृष्टीनें दुसऱ्या कोणत्याहि लाल चेंडूसारखाच असतो. दुसरा कोणी सांगतो, 'हा तो', आणि तो भला मनुष्य 'असेल' म्हणून सही करतो. म्हणजे ज्या साक्षीवर खरेदीदार सर्वांत अधिक भरंवसा ठेवतो, ती साक्ष वस्तुतः ऐकीव असते. हा चेंडू कोणाचा, हें निश्चित सांगूं शकणारीं माणसें निराळींच: चेंडूंची खरेदी करणारा कारकून, ते पंचांच्या हातीं देणारा नोकर, आणि तो दिवसभर बोटांत फिरविणारा गोलंदाज. कीर्तिमंताची सही आणि कारकुनाची नोंद यांत विरोध आला तर आम्ही कारकुनाच्या बाजूनें कौल देऊं.

महाराष्ट्रांतील वाचकांस ही विचारसरणी नवी वाटूं नये. १८९८ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांचा मुख्य वाद हाच होता. बखरकार मोठमोठ्या पुरुषांचे संवाद रंगवून सांगतो, पण तारीख चुकतो. उलट छावणींतून लिहिलेल्या एखाद्या रुक्ष पत्रांत दाणावैरणीची तक्रार असते, आणि तिच्यावरून त्या दिवशीं फौज कोठें होती हें निर्विवाद ठरतें. खोट्या माणसाच्या ओळखीविषयींहि आपल्याला धडा मिळालेला आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले तरी ते पडले ही गोष्ट पुष्कळांच्या मनास पटेना. पार्वतीबाईंनीं अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत असें सांगतात. त्या न पटण्याच्या जागेवर तोतया उभा राहिला. त्याला ओळखणारे, त्याच्यापुढें मुजरे करणारे लोक निघाले. १७७६ सालीं त्याला देहान्त शासन होईपर्यंत त्यानें कोंकणांत केवढी धामधूम माजविली हें सर्वश्रुत आहे. हे सारे लोक मूर्ख किंवा फितूर नव्हते. भाऊ परत यावेत अशी त्यांची इच्छा होती, आणि इच्छा ही फार उदार साक्षीदार असते. लिलावांत हात वर करणाऱ्या मनुष्याची मनःस्थिति यापेक्षां फार वेगळी असते असें आम्हांस वाटत नाहीं.

खेळांत वापरलेल्या वस्तूंच्या बाबतींत अडचण एवढ्यासाठीं विशेष कीं, त्या वस्तु स्वभावतःच परस्परांहून ओळखूं न येण्यासारख्या असतात. चित्रकाराचें चित्र खरें कीं खोटें हें रंग, कुंचला, कापड यांवरून पारखी ठरवूं शकतो, कारण त्याचें मोल त्याच्या अंगींच असतें. चेंडूचें तसें नाहीं. कारखान्यांतून एका पेटींत निघालेल्या चेंडूंपैकीं एक स्वान्सीच्या रस्त्यावर गेला आणि बाकीचे शाळांच्या मैदानांवर झिजले. पहिल्याच्या चामड्यांत दुसऱ्यांहून निराळें असें कांहीं नाहीं. निराळी आहे ती त्याजवर घडलेली घटना, आणि घटना चेंडूला चिकटून राहत नाहीं. ती माणसांच्या सांगण्यांतच राहते. २०११ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत धोनीनें ज्या बॅटनें शेवटचा षटकार मारला ती बॅट त्याच वर्षीं लंडनमध्यें एक लक्ष पौंडांस गेली. लांकडाची किंमत त्यांत किती होती हें सांगावयास नकोच.

क्रिकेटचें जें आद्य दैवत, त्या 'ॲशेस'च्या कुंभाचीहि गोष्ट अशीच आहे. वीतभरहि उंची नसलेलें तें मातीचें पात्र १८८२-८३ च्या दौऱ्यांत आयव्हो ब्लाय या इंग्रज कर्णधारास ऑस्ट्रेलियांत भेट मिळालें व त्याच्या मृत्यूनंतर १९२७ च्या सुमारास लॉर्ड्सवर आलें. आंत राख कशाची? कोणी म्हणतात यष्टीवरच्या बेलची, कोणी म्हणतात चेंडूची. आणि १९९८ सालीं ब्लायच्या वृद्ध स्नुषेनें सांगितलें कीं ती आपल्या सासूबाईंच्या तोंडावरच्या जाळीदार पडद्याची! या प्रश्नाचा निकाल लागलेला नाहीं, व बहुधा कोणास तो लागावा अशी फारशी उत्कंठाहि नाहीं. कुंभ विकावयाचा नाहीं, म्हणून संशयहि निरुपद्रवी.

विक्रीचा प्रश्न नसतांहि संशय निरुपद्रवी राहत नाहीं असें एक उदाहरण अगदीं आमच्या घरचें आहे. तें खेळांतलें नव्हे, पण 'वापरलेल्या' वस्तूचेंच आहे, म्हणून त्याचा उल्लेख येथें करतों. २०२४ च्या जुलैंत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून वाघनखें तीन वर्षांच्या बोलीनें साताऱ्यास आलीं. तीं ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेलीं. पेटीवर मजकूर असा कीं, शिवाजीनें ज्यांनीं मोगल सेनापतीस मारलें तीं हीं, आणि पेशव्यांच्या प्रधानानें तीं ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां त्यास दिलीं. अफझलखान विजापूरचा सरदार होता, मोगलांचा नव्हे, हें येथें शाळेंतलें पोरहि सांगेल. संग्रहालयानें स्वतः प्रामाणिकपणें नमूद केलें आहे कीं, हींच तीं वाघनखें याची खात्री करून घेणें शक्य झालेलें नाहीं. असें असतां शंका घेणाऱ्या अभ्यासकांवर आपल्याकडे कांहीं लोक रागावले. आम्हांस तो राग अनाठायीं वाटतो. प्रतापगडाखालीं १६५९ सालीं जें घडलें त्याला लंडनच्या पेटीची साक्ष लागत नाहीं. मग त्या पेटीची उलटतपासणी केली म्हणून कोणाचें काय उणें झालें?

परंतु वस्तु बाजारांत उतरली कीं उलटतपासणीवांचून गत्यंतर नसतें. हा अनुभव अमेरिकेनें सर्वांआधीं व सर्वांत महाग विकत घेतला. तेथील बेसबॉलच्या खेळांत जुन्या वस्तूंचा व्यापार कोट्यवधि डॉलरांचा. १९९० नंतरच्या दशकांत सॅन डिएगोच्या पाड्रेस संघाचा नामांकित खेळाडू टोनी ग्विन यास आपल्याच संघाच्या दुकानांत आपल्या सहीच्या वस्तु विकावयास ठेवलेल्या आढळल्या. त्यानें पाहिलें, सही आपली नव्हे! त्यानें तपास खात्यास कळविलें. पुढें 'ऑपरेशन बुलपेन' या नांवानें जो तपास झाला त्यांत खोट्या सह्या करणारी एक टोळीच उघडकीस आली. या मंडळींचें धाडस एवढें कीं, जप्त झालेल्या मालांत मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलहि निघाले. बाजारांतील अशा सह्यांपैकीं निम्म्याहून अधिक खोट्या असाव्यात असा तपास खात्याचा अंदाज होता. आणि प्रत्येक खोट्या वस्तूसोबत तिच्या खरेपणाचा सुबक छापील दाखला असेच. किंबहुना दाखला नाहीं तर वस्तु संशयास्पद, अशी गिऱ्हाइकाची समजूत करून देणारे हेच लोक.

यावर बेसबॉलच्या चालकांनीं २००१ सालीं जो उपाय योजला तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. प्रत्येक सामन्यास त्यांनीं निदान एक तटस्थ साक्षीदार बसविण्यास आरंभ केला, आणि हे साक्षीदार निवडले ते पोलीस खात्यांतील चालू किंवा निवृत्त नोकरांतून. वस्तु खेळांतून बाहेर पडतांच तीवर क्रमांकाची चकाकती पट्टी चिकटवावयाची व त्या क्रमांकाची नोंद करावयाची. पण मुख्य अट निराळीच आहे. साक्षीदाराच्या नजरेआड गेलेल्या वस्तूस पट्टी मिळत नाहीं. फलंदाजानें प्रेक्षकांत मारलेला चेंडू घेऊन कोणी धांवत आला तरी, त्यावर आधींच गुप्त खूण केलेली नसेल तर, साक्षीदार नम्रपणें नकार देतो. मधल्या क्षणीं खिशांतून दुसरा चेंडू निघाला नाहीं हें त्यानें कशावरून म्हणावें? स्वान्सीचा चेंडू रस्त्यावर गेला आणि नंतर एका शाळकरी मुलास सांपडला. या नियमानें पाहिलें तर ज्या क्षणीं तो कुंपणापलीकडे गेला त्याच क्षणीं त्याची साक्ष संपली.

अर्थात् कडेकोट साक्षीनेंहि सर्व गोष्टी सिद्ध होतात असें नाहीं. १९९८ च्या हंगामांत मार्क मॅग्वायर व सॅमी सोसा यांच्यांत सर्वाधिक 'होम रन'ची चुरस लागली तेव्हां त्यांना टाकावयाच्या चेंडूंवर आगाऊ गुप्त खुणा केल्या होत्या. मॅग्वायरच्या सत्तराव्या तडाख्याचा चेंडू त्या खुणेवरून ओळखला गेला आणि १९९९ च्या जानेवारींत सुमारें ३० लक्ष डॉलरांस विकला गेला. चेंडू खरा होता. आजहि खराच आहे. पण २०१० सालीं मॅग्वायरनें कबूल केलें कीं, त्या काळांत आपण उत्तेजक औषधें घेत होतों. वस्तु अस्सल आणि पराक्रम बनावट, असा हा उलटाच तोतया! बेब रूथच्या सदऱ्याची गोष्ट याहून नाजूक आहे. १९३२ च्या ऑक्टोबरांत शिकागोच्या मैदानावर रूथनें म्हणे बोटानें दिशा दाखवून, तेथेंच चेंडू पाठविला. त्या सामन्यांत त्यानें घातलेला सदरा २०२४ च्या ऑगस्टांत २ कोटी ४१ लक्ष डॉलरांवर विकला गेला. शिवणीच्या जागा, अक्षरांचा कल, गुंड्यांचें अंतर हें सारें त्या वेळच्या छायाचित्रांशीं ताडून पाहणें ही अलीकडील पारख्यांची रीत. तीच येथें उपयोगीं पडली. रीत उत्तम आहे. पण छायाचित्र सांगतें तें एवढेंच कीं सदरा हा होता. रूथनें बोट दिशेकडे दाखविलें कीं समोरच्या खेळाडूंना चिडविलें, याविषयीं हौशी लोकांच्या चित्रफिती मागाहून उजेडांत येऊनहि वाद मिटलेला नाहीं. सदऱ्याचें मोल मात्र त्या बोटानेंच चढविलेलें.

आतां पुन्हां क्रिकेटकडे, आणि आपल्या माणसांकडे, वळूं. १९४७-४८ सालीं लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखालीं स्वतंत्र हिंदुस्थानचा पहिला संघ ऑस्ट्रेलियास गेला. विजय हजारे यांनीं ॲडिलेडला दोन्ही डावांत शतकें काढलीं तो हा दौरा. ब्रॅडमनची त्या हंगामांतील हिरवी टोपी संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्त यांस त्यानें भेट दिली होती. ती २०२४ च्या डिसेंबरांत सिडनीस लिलावांत निघाली आणि शुल्कासह ४,७९,७०० ऑस्ट्रेलियन डॉलरांस गेली. त्या मालिकेंत ब्रॅडमननें घातलेली ज्ञात अशी ही एकच टोपी, असें तिचें वर्णन केलें होतें. त्यानंतर फार काळ लोटला नाहीं तोंच, २०२६ च्या आरंभीं, त्याच हंगामांतील म्हणून दुसरी एक टोपी लिलावास आली. ही ब्रॅडमननें रंगा सोहोनी यांस दिलेली. सोहोनी महाराष्ट्राचे कर्णधार, जलद गोलंदाज व उपयुक्त फलंदाज. त्यांच्या कुटुंबानें ती पाऊणशें वर्षें कडीकुलुपांत जपून ठेवली होती. घरांतल्या मुलांनासुद्धां सोळा वर्षांचें झाल्यावांचून ती दाखवीत नसत असें सांगतात.

एका हंगामाच्या या दोन टोप्या पाहून कोणी लगेच भिवया उंचावील, तर तें बरोबर होणार नाहीं. उदार मनुष्य दोघांस दोन टोप्या देऊं शकतो. 'ज्ञात अशी एकच' या शब्दांचा अर्थ आम्हांस ठाऊक असलेली एकच, इतकाच असतो; सोहोन्यांच्या कपाटांत काय आहे हें सिडनीच्या पेढीस कळण्याचा मार्ग नव्हता. आणि घराण्यानें जपलेली वस्तु ही साक्षीच्या दृष्टीनें बाजारांत दहा हात फिरलेल्या वस्तूपेक्षां केव्हांहि श्रेष्ठ. देणारा ठाऊक, घेणारा ठाऊक, मधें तिसरा हात नाहीं, आणि विकण्याचा विचारहि कोणाच्या मनांत नसतां ती पाऊणशें वर्षें एका जागीं राहिली. ज्या वेळीं वस्तूस किंमत नव्हती त्या वेळची साक्ष, किंमत आल्यानंतरच्या साक्षीपेक्षां आम्ही दसपट मानतों. सोहोनींनीं ती टोपी घेतली तेव्हां लिलावाच्या कल्पनेनें ते हंसलेच असते.

आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत कांचेच्या पेटींत एक बॅट आहे. एका थोर फलंदाजानें अमुक सामन्यांत ती वापरली, असा छापील दाखला शेजारीं चौकटींत लावलेला आहे. तिच्यासाठीं त्यांनीं निवृत्तिवेतनाचे बरेच पैसे मोजले. एकदां त्यांनीं ती मोठ्या कौतुकानें पेटींतून काढून आमच्या हातीं दिली. आम्ही फलंदाजीचे जाणकार नव्हे. पण तीन तास चेंडू झेललेल्या बॅटच्या पात्यावर तांबडे डाग आणि दबलेल्या जागा असतात एवढें आम्हांस कळतें, आणि त्या पात्यावर तसें कांहीं नव्हतें. मूठहि नवीकोरी होती. दाखल्यावर ज्या दुकानाचें नांव आहे तें केव्हांच उठून गेलें असें त्यांनींच सहज बोलतां सांगितलें.

आम्ही बोललों नाहीं. राजवाड्यांची आठवण करून देणारें वरचें सारें विवेचन ज्यांनीं लिहिलें ते आम्हीच, त्या दिवशीं बॅट दोन्ही हातांनीं तोलून 'वजन छान आहे' म्हणालों आणि परत दिली. त्यांचा नातू दाराशीं उभा होता. आजोबांनीं पेटीचें कुलूप लावीपर्यंत तो आमच्या तोंडाकडे पाहत होता. आणि आम्ही जिन्यापर्यंत आलों तेव्हां मागोमाग येऊन त्यानें हलक्या आवाजांत विचारलें कीं, काका, बॅटवर चेंडूचे डाग का नाहींत?

त्यास आम्ही खरें तें सांगितलें, आणि आजोबांस सांगावें कीं नाहीं हें त्याच्यावर सोपविलें. नंतर त्या घरीं आमचें दोनदां जाणें झालें. बॅट जेथल्या तेथें आहे. दाखल्याची चौकट मात्र भिंतीवर दिसली नाहीं. ती कोणीं काढली हें आम्ही विचारलें नाहीं.